ज्वारी वावरातून गेली, मग ताटातून
लेखमाला : आपलं पीक, आपलं ताट | लेखांक ५

गेल्या आठवड्यात जवस आणि कराळाच्या चटण्या झाल्या. आता भाकरीकडे वळू.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून नाचणीची बिस्किटं बुलढाण्यातही दिसू लागली. नाचणी चांगलीच, पण ती कोकणाची, सह्याद्रीच्या उताराची. आपल्या जिल्ह्याचं भरडधान्य ज्वारी, आणि ती कधी एकटी पेरली जात नसे. तिच्या जोडीला मूग, उडीद, तुरीचे तास असायचे, धुऱ्यावर अंबाडी. वावरातली ही सोबत ताटातही तशीच उतरायची.

कळण्याची भाकरी घ्या. मलकापूर-नांदुऱ्याकडे, खानदेशाला लागून असलेल्या भागात, ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळतात. चार वाट्या ज्वारीला साधारण वाटीभर उडीद. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ते उडदातून मिळतं. उडदात मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ शिजवून वर लसणाची चरचरीत फोडणी देतात, त्यातही हिशोब हाच.

मग हे मागे का पडलं? चवीचा दोष नव्हता. गावरान ज्वारी पाऊस सरल्यावर पिकायची. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, पुढे आणखी आले. उत्पन्न वाढलं, पण हे वाण लवकर तयार होतात, कणसं परतीच्या पावसात सापडतात आणि दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीला भाव कोण देणार? त्यात पाखरं, रानडुकरं. इकडे सोयाबीनचा पैसा हातात, रेशनवर गहू-तांदूळ. ज्वारीबरोबर कडबाही गेला, गुरं सांभाळणं महाग झालं आणि शेणखत आटलं.

रब्बीची दादर ज्वारी मात्र अजून वाट दाखवते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, विहिरीचं पाणी खारं. ते पिकाला देता येत नाही. दादर काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच येते. पाणी आणि वीज वाचवणारं याहून सोपं पीक कोणतं?

सोयाबीन मोडा, असं कोणी म्हणत नाही. पण घरापुरती ज्वारी, तिच्यात उडदाचे तास, धुऱ्यावर अंबाडी एवढं तर जमेल. शेजारच्या दोघा-चौघांनी मिळून पेरा, म्हणजे पाखरांचा सगळा मारा एकाच वावरावर येत नाही. आणि ज्यांना वावर नाही, त्यांनी हंगामातच शेतकऱ्याकडून वर्षाची दादर भरून ठेवावी. घेणारा पक्का असेल, तरच पेरणारा टिकेल.