फोटोला हात लावण्याआधी करडी पट्टी छापा

कृष्णधवल फोटो इंकजेट प्रिंटरवर छापला की तक्रारी ठरलेल्या असतात. सावल्या बुजल्या, काळा धुरकट आला, करड्यावर हिरवट किंवा जांभळट झाक चढली. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फोटो पुन्हा उघडायचा, सावल्या उजळायच्या आणि नवा कागद लावायचा. यात शाई आणि कागद तर जातोच, शिवाय त्या एका प्रिंटरची चूक झाकण्यापुरती वाकवलेली फाईल दुसऱ्या कागदावर विचित्र दिसते. काटा शून्यावर आहे का, हे बघितल्याशिवाय कोणी माल तोलत नाही. तसंच दोष फोटोत आहे की छपाईत, याचा निवाडा आधी व्हायला हवा. त्यासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत 5 टक्क्यांच्या अंतराने चढत जाणारी 21 पायऱ्यांची करडी पट्टी पुरते. ती फोटोच्याच सेटिंगवर, त्याच कागदावर छापायची.

पट्टी वाचणं अवघड नाही. गडद टोकाच्या चार-पाच पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील, तर शाई गरजेपेक्षा जास्त पडते आहे किंवा प्रोफाईल त्या कागदाचं नाही. पायऱ्या वेगळ्या दिसतात पण शेवटचा काळा मात्र करडाच राहतो, तेव्हा ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार तपासावा. अनेक प्रिंटरांत दोन काळ्या शायांपैकी मॅट ब्लॅक वापरायची की फोटो ब्लॅक, हे त्या निवडीवरूनच ठरतं. मॅट कागद घालून ‘ग्लॉसी’ निवडलं, तर फोटो ब्लॅक कागदात मुरते आणि काळा फिका पडतो. उलट केलं, तर मॅट ब्लॅक चकचकीत पृष्ठभागावर नीट बसत नाही, बोटाला लागते. सगळी पट्टीच गडद आणि रंग चढलेली आली, तर रंगव्यवस्थापन सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघंही करत असण्याचा संभव मोठा. त्यांपैकी एकाचं बंद करावं. आडव्या रेघा दिसल्या तर नोझल चेक. आणि पट्टी निर्दोष असूनही फोटो काळवंडलेला वाटत असेल, तर बहुधा मॉनिटर फार उजळ आहे. छपाईचं काम करताना तो साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर एवढाच ठेवतात.

रंगाची झाक मात्र थोडी सबुरीने तपासावी लागते. साधा प्रिंटर करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून तयार करतो, त्यामुळे प्रमाण जरा चुकलं की झाक उमटते. शिवाय दिवसाच्या उजेडात तटस्थ दिसणारं हे मिश्रण पिवळ्या बल्बखाली रंग बदलू शकतं. करडा मुख्यतः काळ्या शायांतूनच बनावा म्हणून तर एप्सनने 2005 साली काळ्यासोबत दोन फिकट काळ्या शाया असलेला संच आणला. झाक तपासायची तर आधी शाई वाळू द्यावी आणि फोटो जिथे लावायचा, त्या उजेडात पट्टी बघावी. मगच रंग दुरुस्त करावा.

‘शेवटी डोळा हाच प्रमाण’ असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण दोन शेजारच्या पायऱ्या वेगळ्या आहेत का, हे डोळ्यालाच तर विचारायचं आहे. त्याला महागडं मोजयंत्र लागत नाही. ओळखीचा फोटो बघताना डोळा अपेक्षेने बघतो, पट्टीशी त्याचा असा लागाबांधा नसतो. मोजमापाने कला कोरडी होते, हा आक्षेपही टिकत नाही. फ्रेड आर्चरसोबत छटा मोजून नेमण्याची ‘झोन सिस्टिम’ बांधणारे छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स फिल्मच्या काटेकोर चाचण्या घेत आणि तरीही डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटचा उजेड-अंधार हाताने घडवत. मॅट कागदाचा काळा बरायटाचा थर असलेल्या चकचकीत कागदाइतका खोल येत नाही, ही मर्यादा कुठलंही सेटिंग पुसू शकत नाही. पट्टी तीही आधीच दाखवते, म्हणजे कागद बदलायचा की फोटोचा भाव त्या काळ्यात बसवायचा, हे समजून ठरवता येतं. प्रत्येक कागदाची एक पट्टी छापून तिच्या पाठीवर कागदाचं नाव, सेटिंग आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वेळी छटा बिघडल्या, की नवी पट्टी तिच्याशेजारी धरावी आणि फरक कुठून सुरू होतो ते बघावं.