काट्यावरचे २० किलो

काट्यावर बोजा ठेवला की आकड्याकडे नाही, माणसाच्या पायांकडे बघायचं, असं माझे वडील सांगत. ते सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. हळदीचं पोतं काट्यावर असताना कुणाच्या पायाचा अंगठा कडेला टेकलाय, कुणाचा गुडघा पोत्याला हळूच खालून आधार देतोय, हे त्यांना आकडा वाचायच्या आधी दिसायचं. काटा मारतात तो पायानं, असं त्यांचं म्हणणं.

पेरूत, उरुबांबा नदीकाठी, कुस्कोहून माचू पिक्चूकडे जाणाऱ्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरला मी उभी होते आणि समोर एक माणूस काट्यावर गाठोडं ठेवत होता. मी त्याचे पाय बघितले. टायर कापून केलेल्या चपला. तिथे त्यांना 'ओखोता' म्हणतात. टाचांना भेगा, बोटं पंख्यासारखी फाकलेली, नखं दगडी रंगाची. पाय काट्यापासून वीतभर लांब, अगदी स्वच्छ व्यवहार. सरकारी कर्मचाऱ्यानं आकडा वाचला, मान हलवली. "बेइन्ते," आमची गाईड मला म्हणाली. स्पॅनिशमध्ये २०. "बेइन्ते किलोस. त्याच्यावर एक ग्रॅम नाही. कायदा आहे."

खरं सांगायचं तर माचू पिक्चूचं मला फारसं आकर्षण नव्हतं. त्या कॅलेंडरछाप हिरव्या सुळक्याचा फोटो इतक्यांदा बघितला होता की तिथं जाऊन आणखी काय बघायचं, असं वाटे. पण आमच्या गिरिभ्रमण मंडळातला एक मित्र तिथं जायचं ठरवत होता आणि त्यानं दाखवलेल्या फोटोंमध्ये एक फोटो होता पाठीवर ओझी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा. रांगेच्या तोंडाशी वजनकाटा. तो बघितला आणि मी म्हटलं, माझं पण तिकीट काढ.

माचू पिक्चूला पायी नेणाऱ्या इंका वाटेवर आपल्या मनानं चालता येत नाही. परवानाधारक गाईड लागतो, महिनोन् महिने आधी जागा राखून ठेवावी लागते, फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट बंद असते. दिवसाला एकंदर ५०० माणसं सोडतात. त्यात पर्यटक साधारण २००. उरलेले गाईड, आचारी आणि हमाल. चालायला येणाऱ्यांपेक्षा वाहायला येणारे जास्त, असं हे गणित आहे. या चार दिवसांच्या वाटेवर खेचरं आणि घोडे न्यायला बंदी आहे, इंकांनी रचलेल्या पायऱ्या त्यांच्या खुरांनी उखडतात म्हणून. म्हणजे दगडांची काळजी आहे म्हणून माणसाची पाठ.

आम्ही आठ जण चालणारे. आमच्यासाठी आचारी धरून बारा माणसं. जेवणाचा तंबू, झोपायचे तंबू, घडीची टेबलं, स्टुलं, गॅसच्या टाक्या, अंड्यांचे ट्रे, आणि आमच्या आठ जणांच्या पिशव्या. प्रत्येकी ७ किलो, झोपायची पिशवी आणि चटई धरून. आदल्या रात्री कुस्कोच्या हॉटेलात गाईडनं हातकाट्याला माझी पिशवी लावली तर ती भरली ८ किलो ४०० ग्रॅम. मी मेतकुटाचा डबा, जाडजूड स्वेटर आणि एक पुस्तक बाहेर काढलं. ७ किलो झाले. काढलेलं सगळं मी माझ्या पाठीवरच्या छोट्या पिशवीत कोंबलं. कायदा पाळल्याचं समाधान मिळालं.

असा पहिला कायदा २००१चा. त्याआधी या वाटेवर माणूस किती वाहत असे, हे वाहायला सांगणाऱ्याच्या मर्जीवर. गाईड कुस्कोजवळच्या गावातली, घरात केचुआ बोलणारी. तिचा मामा जुन्या काळी हमाली करायचा. "दुप्पट," ती म्हणाली, "कधी त्याहून जास्त. आणि झोपायला जेवणाचा तंबू, तोसुद्धा पाहुण्यांचं जेवण उरकल्यावर." मला यार्डातली शंभर किलोची पोती आठवली. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९चा. कायदा झाला म्हणून पोतं लगेच हलकं झालं नाही, हे मी घरातच बघितलंय.

पूल ओलांडला, पहिलं वळण घेतलं. आमचा साहाय्यक आचारी काट्यावरून जवळजवळ रिकाम्या हातानं पलीकडे आला होता, पाठीला एक किरकोळ पिशवी. झुडपांच्या आडोशाला तो थांबला. निळ्या टोपीचा एक हमाल त्याच्यापाशी आला, मघाशी ज्याचे पाय मी बघितले तोच. दोघं चार शब्द बोलले आणि पिशवी निळ्या टोपीच्या गाठोड्यावर चढली. दोरी आवळली गेली. सगळं मिळून अर्धा मिनिट. मी गाईडकडे बघितलं. ती मित्राला एक निवडुंग दाखवत होती.

पायानं नाही, वळणानं काटा मारला होता.

दुपारपर्यंतची वाट सोपी. खाली पाटायाक्ता या इंका वस्तीच्या कमानदार पायऱ्यांची शेती दिसते, कुसीचाका नदीला लगटून. वाय्याबांबाला, साधारण ३००० मीटरवर, पुन्हा तपासणी. तिथं पोचायच्या थोडं आधी ती पिशवी परत साहाय्यकाच्या खांद्यावर आली होती. आकडा पुन्हा २०.

निळ्या टोपीवाल्याचं वय पन्नाशीचं असावं, म्हणजे माझ्याच आसपास. आम्ही निघाल्यावर दोन तासांनी ही मंडळी तळ उठवून निघत आणि अर्ध्या तासात आम्हाला मागे टाकत. मागून गॅसच्या टाकीवर काहीतरी आपटल्याचा टणटण आवाज आला की आम्ही डोंगराच्या बाजूला सरकायचं. दरीच्या बाजूला नाही, ही गाईडची ताकीद. पाय आधी दिसायचे, मग वाकलेली पाठ. ते चढावर पळत. पळत म्हणजे लहान लहान पावलं, गुडघा न ताणता, पायरीच्या पुढच्या कडेवर फक्त चवडा. सह्याद्रीत कातकरी माणूस उतारावर असा चालतो, टाच न टेकवता.

आणि वास. गालात कोकाची पानं, घाम, ओली लोकर, रॉकेलसारखा काहीसा वास, आणि त्यातून एकदम काहीतरी हिरवं, पुदिन्यासारखं पण रानटी. ती 'मुन्या', वाटेच्या कडेला उगवणारी वनस्पती. तळव्यावर चुरगाळून हुंगली की विरळ हवेत छाती मोकळी होते, असं तिथं मानतात. निळ्या टोपीवाल्यानं तिचा तुरा गाठोड्याच्या दोरीत खोचला होता. तो पुढे गेला तरी वाटेवर वास रेंगाळत राही, आणि आणखी पंधरा मिनिटांनी मी त्या वासातून चालत जात असे.

दुसरा दिवस वार्मिवान्युस्काचा. 'मेलेली बाई' असा त्या खिंडीच्या नावाचा अर्थ, खालून बघितलं तर धारेला आडव्या पडलेल्या बाईचा आकार दिसतो. उंची ४२१५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. रान संपलं, पिवळं इचू गवत सुरू झालं, आणि मी वीस पावलं मोजून थांबायला लागले. मग पंधरा. मग दहा. इंका चाक वापरत नव्हते आणि घोडा त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे चढ सौम्य करत वळणं घ्यायची त्यांना गरज पडली नाही. समोर डोंगर असेल तर सरळ पायऱ्या. काही घोट्याएवढ्या, काही मांडीपर्यंत. त्यांचं ओझं वाहायला माणसं होती, नाहीतर लामा. लामा पंचवीस-तीस किलो वाहतो आणि जास्त लादलं तर खाली बसतो. मारलं तरी उठत नाही, म्हणतात.

४१०० मीटरच्या आसपास मी बसले. मित्र पुढे गेला होता. गाईड शेजारी उभी राहून कोकाची पानं देत होती, ती मी गालात धरली, गवतासारखी कडवट. तेवढ्यात वरून पाय उतरत आले. भेगांच्या टाचा. निळ्या टोपीवाल्यानं आपला बोजा खिंडीत ठेवला होता आणि तो परत खाली आला होता. तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बोट केलं.

मी नको म्हटलं. एकदा. दुसऱ्यांदा म्हटलं का, हे मला प्रामाणिकपणे आठवत नाही.

पिशवी त्याच्या पाठीवर गेली. मेतकूट, स्वेटर, पुस्तक, पाणी, कॅमेरा, सगळं. पाच-सहा किलो तरी असेल. खिंडीवर पोचल्यावर त्यानं ती माझ्या हातात दिली नाही, आपल्या गाठोड्याच्या डोक्यावर बांधली आणि पलीकडच्या बाजूनं पाकायमायोच्या तळाकडे, सहाशे मीटर खाली, टणटण करत निघून गेला. खिंडीवर आमच्या गटातले लोक हात उंचावून फोटो काढत होते. मलाही उभं केलं. त्या फोटोत मी हसतेय. पाठ मोकळी आहे.

त्या दिवशी संध्याकाळी तंबूत चहाबरोबर मक्याच्या लाह्या, मग किन्वाचं सूप, मग ट्राउट मासा. पांढरा टेबलक्लॉथ होता! चार हजार मीटरवरची खिंड चढून आलेल्या माणसाला टेबलक्लॉथ लागतो, असं कोणी ठरवलं असेल? आणि तो काट्यावर कुणाच्या २० किलोंत मोजला गेला?

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. रुन्कुराकायचे गोलाकार अवशेष, मग दुसरी खिंड, सायाक्मार्काला जाणारा एकपदरी जिना, कातळातून कोरलेला बोगदा, पुयुपातामार्काला एकाखाली एक दगडी न्हाणी. ढग खालून वर येत होते. दगड इतके नेमके बसवलेले की सांध्यात सुरीचं पातं जात नाही, हे वाक्य प्रत्येक गाईड म्हणतो, आमचीही म्हणाली. मी मात्र पायऱ्यांच्या कडा बघत होते. पुयुपातामार्कापासून खाली हजारभर मीटर उतार, पायऱ्याच पायऱ्या, माझे गुडघे बोलायला लागले. पायऱ्यांच्या त्या कडा मधोमध झिजून गुळगुळीत झाल्यात. पाचशे वर्षांपूर्वी लोक करापोटी राजासाठी राबत. त्या वेठीला 'मिता' म्हणत. हे दगड त्यांनीच बसवले. झिजवलेत कुणी, ते मला दिसतच होतं.

विन्याय वाय्ना हा शेवटचा तळ. इथल्या इंका गावाच्या शेतीच्या पायऱ्या डोंगराच्या पोटाला गोलाकार चिकटलेल्या, आणि त्यांच्या मधून न्हाणींची सरळ ओळ, पाणी अजून वाहतं. एका ऑर्किडवरून हे नाव पडलंय. संध्याकाळी आचाऱ्यानं भट्टीशिवाय, पातेल्यात, केक केला. मग बक्षिशीचा कार्यक्रम. पर्यटक एका रांगेत, हमाल दुसऱ्या, टाळ्या, हस्तांदोलन, पाकीट. मला हे कार्यक्रम बघवत नाहीत, पण पाकीट द्यायला हवंच.

नंतर मी गाईडला घेऊन निळ्या टोपीवाल्याकडे गेले. तो स्वयंपाकाच्या तंबूबाहेर पाय पसरून बसला होता, ओखोता काढलेल्या. मी त्याला सांगितलं की माझे वडील वजन करायचे, बाजारात, काट्यावर. गाईडनं केचुआत भाषांतर केलं. त्याला पहिल्यांदाच माझ्यात रस वाटला.

"तिकडे किती?" त्यानं विचारलं.

"आधी शंभर. आता पन्नास."

त्यानं शीळ घातली आणि मागं वळून बाकीच्यांना आकडा सांगितला. तंबूतून हसण्याचा गलका आला. कुणीतरी तो आकडा पुन्हा उच्चारला. मग त्यानं आणखी काहीतरी विचारलं.

"चढावर का, असं विचारतोय," गाईड म्हणाली.

"नाही. सपाटीवर. गोदामापासून ट्रकपर्यंत."

"हॅट," असा काहीसा आवाज त्यानं केला. याला भाषांतर लागलं नाही. शंभर असो की पन्नास, सपाटीवरचं ते काय वाहणं!

मी त्याला विचारलं, माचू पिक्चू कितीदा बघितलंस. त्यानं दोन बोटं दाखवली. एकदा शाळेत असताना आणि एकदा मुलीला घेऊन. या वाटेवर किती फेऱ्या झाल्या, याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता. हमाल विन्याय वाय्नाहून सरळ खाली रेल्वेकडे उतरतात, पहाटेची गाडी पकडायला. ती गाडी चुकू नये म्हणून आम्हालाही साडेतीनला उठवलं जातं. चौकी साडेपाचला उघडते, तोवर आपण अंधारात बाकावर बसून राहायचं. गाईड लोक याला 'सूर्योदयासाठी लवकर' म्हणतात.

साडेतीनला उठले तेव्हा माझ्या शेजारचे तंबू आडवे झाले होते. टॉर्चच्या उजेडात माणसं दोऱ्या आवळत होती. निळी टोपी मला ओळखता आली नाही, अंधारात सगळ्या टोप्या काळ्या. पण टणटण आवाज खाली खाली जात राहिला, बराच वेळ.

इंतिपुन्कूच्या दारातून माचू पिक्चू दिसलं. अगदी कॅलेंडरसारखंच होतं, आणि तरी मी दगडावर टेकून खूप वेळ बघत राहिले. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

दुपारी खाली आग्वास कालियेंतेस गावात एका खानावळीच्या कोपऱ्यात आमच्या आठ पिशव्या रचून ठेवलेल्या मिळाल्या. हमाल जाताना तिथं टाकून गेले होते. माझी सगळ्यात खाली होती. वरच्या सगळ्या बाजूला करून मी ती एका हातानं उचलली. मुन्याचा वास आला, पट्ट्यात कुठंतरी एक वाळलेलं पान अडकलं होतं. पिशवी जड लागली. दोन्ही हात लावले.

"मी घेऊ?" मित्र म्हणाला.

"नको."

स्टेशन सहा मिनिटांवर होतं. मी दोनदा पिशवी खाली ठेवली.