खाजण ते कांदळवन : किनारी वनांच्या रक्षणातील लोकसहभाग

‘कांदळवन’ हा शब्द आज शासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीत रुळला आहे. खाडीकाठच्या माणसाच्या बोलण्यात मात्र तिवर, कांदळ, चिपी, मारांडी अशी एकेका झाडाची नावे येतात, आणि ती ज्या चिखलात उभी असतात त्याला तो खाजण म्हणतो. हा केवळ शब्दभेद नव्हे. महसुली व्यवहारात खाजण म्हणजे बांध घालून शेताखाली आणण्याजोगी पडीक जमीन. जिला ‘वन’ ही संज्ञाच नव्हती, तिच्या तोडीस वनतोड तरी कसे म्हणणार? किनाऱ्यावरील लोकप्रयत्नांना प्रथम या संज्ञेसाठीच झगडावे लागले.

रायपुरात बसून या विषयाचा विचार करताना हसदेव अरण्याशी तुलना अटळ ठरते. ऑक्टोबर 2021 मध्ये सरगुजा व कोरबा जिल्ह्यांतील ग्रामस्थ कोळसा खाणींच्या विरोधात सुमारे 300 किलोमीटर चालत या शहरात आले. त्यांच्या हाती ग्रामसभांचे ठराव होते आणि 1996 चा पेसा व 2006 चा वनाधिकार कायदा यांचा आधार होता. कोकण किनाऱ्याच्या बहुतांश भागात असा आधार नव्हता. ओहोटीच्या चिखलात खेकडे, निवट्या, कालवे वेचणाऱ्या कोळ्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा वावर कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो. त्यामुळे तेथील लढा ग्रामसभेऐवजी न्यायालयात उभा राहिला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी अंतरिम आदेश दिला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, राज्यभर कांदळवनाची तोड आणि त्यापासून 50 मीटरच्या आतील बांधकाम थांबवण्यात आले. उपग्रह-चित्रांवरून नकाशे करावेत आणि शासकीय जमिनीवरील कांदळवन ‘संरक्षित वन’ म्हणून घोषित करावे, असेही सांगण्यात आले. त्याआधी जेमतेम अडीच महिने, 26 जुलै रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. भरतीचे व पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या दलदलीवर भराव टाकण्याचा अर्थ शहराला त्या दिवशी कळला होता. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग मानला. दरम्यान 2012 मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता.

परंतु झाड वाचवणे आणि त्या झाडावर जगणारा माणूस वाचवणे या दोन गोष्टी सर्वस्वी एक नाहीत. जिताडा, कोळंबी यांची पिल्ले कांदळाच्या मुळ्यांच्या आडोशाला वाढतात. भराव पडला की जाळे रिकामे येते. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी ही हानी बंदर-विस्ताराच्या संदर्भात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडली. पुणे खंडपीठाने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. माझ्या मते रकमेपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, चिखलातील वावर हा उपजीविकेचा हक्क म्हणून एका निवाड्यात उतरला.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मात्र वेगळीच रीत दिसते. तेथील ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने 2017 च्या सुमारास होडीतून कांदळवन दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर का येतात, कांदळाचे बी झाडावरच कसे रुजते, हे त्या बायका पर्यटकांना समजावून सांगतात. झाडे उभी असतील तरच होडी चालेल, हे उघड आहे. तेथे राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

या कथेची एक अडचणीची बाजू आहे आणि पर्यावरणविषयक लेखनात ती बहुधा निसटते. रायगड जिल्ह्यातील खारपाटात समुद्राचे पाणी अडवणारे बांध पूर्वी शेतकरी एकत्र येऊन सांभाळत. 1979 च्या खारभूमी विकास अधिनियमानंतर त्यांपैकी अनेक बांध शासनाकडे गेले. देखभालीअभावी बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवर उगवते. मग एक कायदा खारे पाणी बाहेर ठेवण्याची जबाबदारी सांगतो, तर दुसरा आदेश त्या पाण्याने आणलेल्या झाडाला हात लावू देत नाही. शेतकऱ्याकडे सातबारा उरतो, शेत उरत नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन 2013 मध्ये 186 चौरस किलोमीटर होते, तर 2017 मध्ये 304. चार वर्षांत एवढे वन उगवत नाही. मोजणीची रीत सुधारल्याचाही तो परिणाम असला पाहिजे. 2021 चा आकडा 324, तर 2023 चा सुमारे 315 आहे. या आकड्यांत फुटक्या बांधांमागची किती भातखाचरे सामावली आहेत, याची गावनिहाय मोजणी त्या गावांतील लोकांना सोबत घेऊनच करता येईल.