हिरवळीची तहान

वैशाखाच्या उन्हानें अंगणांतील हिरवळ करपूं लागली म्हणजे गृहस्थ नळी घेऊन उभा राहतो. तरीहि कांहीं ठिकाणीं माती कोरडीच राहते. याचें कारण काय? वारंवार वाळलेल्या, विशेषतः रेताड मातीच्या कणांवर सेंद्रिय द्रव्याचें मेणचट आवरण चढतें व पाणी आंत मुरत नाहीं. कोरड्या मातीवर थेंब मोत्यासारखा तसाच राहिला, तर हा दोष ओळखावा. अशा वेळीं पाण्याचा पृष्ठताण कमी करणारीं द्रव्यें त्यास आंत वाट करून देतात.

जलशोषक कणांचें कार्य निराळें. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें सिद्ध केलेलें 'पुसा हायड्रोजेल' स्वतःच्या वजनाच्या शेंकडों पट शुद्ध पाणी धरून ठेवतें. क्षारयुक्त पाण्यांत मात्र ही शक्ति घटते. तें मुळांजवळ मातींत मिसळावें लागतें.

तथापि कोणतेंहि द्रव्य पाणी निर्माण करीत नाहीं. चौरस मीटरवर १ लिटर म्हणजे केवळ १ मिलिमीटर थर! म्हणून रोजच्या शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून एकदोन वेळां, पहांटे, खोलवर पाणी द्यावें. टंचाई असेल तेव्हां तेंहि आवरावें. पिवळी पडलेली हरळी सहसा मेलेली नसते, पावसानें ती पुन्हां हिरवी होते. शेजाऱ्याची रिकामी घागर मात्र तोंवर थांबूं शकत नाहीं.