लहान गांवांचें विमान

चाकणास विमानतळ होणार, ही वार्ता आमच्या चिंचवडच्या घरांत पुष्कळ वर्षें चर्चिली जात होती. घरांतील तरुण मंडळींस ती आनंदाची वाटे. चाकण-राजगुरुनगर भागांतील शेतकऱ्यांस मात्र ती आपल्या काळ्या आईवर आलेल्या संकटासारखी वाटली, आणि त्यांनीं विरोध केला. अखेर २०१६ सालीं सरकारनें पुरंदरची निवड केली. विमानतळ कोठें व्हावा, यावर आमच्याकडे घटका घटका वाद झाले. तेथें विमान कोणतें यावें, हा प्रश्न कोणीच विचारला नाहीं. आज त्याचा थोडा विचार करूं.

जेट विमान आणि पंख्याचें विमान हे दोन प्रकार आपण ऐकतों. टर्बोप्रॉप हें या दोहोंचा मिलाफ होय. उकळत्या पाण्याच्या वाफेवर भिरभिरें धरलें असतां तें फिरूं लागतें. टर्बोप्रॉपमध्यें इंधनाच्या ज्वलनानें तापलेला वायु आंतील चक्रास फिरवितो, आणि तें चक्र दंतचक्रांच्या योगें बाहेरील मोठ्या पंख्यास गति देतें. वेग जेटहून कमी, म्हणजे ताशीं सुमारें ५०० किलोमीटर. परंतु जवळच्या प्रवासांत इंधन बरेंच वांचतें. सत्तरएक माणसांचें एटीआर-७२ विमान समुद्रसपाटीवर सुमारें १,३०० मीटरांच्या धांवपट्टीवरून पूर्ण भारानिशीं उडूं शकतें. अर्थात् लहान गांवीं थोड्या जमिनींत काम भागतें.

आपल्या देशास हीं विमानें नवीं नाहींत. इंग्लंडचें ॲव्रो-७४८ हें १९६० सालीं प्रथम उडालें. पुढल्याच वर्षीं, १ नोव्हेंबर १९६१ रोजीं, कानपुरांत तयार झालेलें पहिलें ॲव्रो आकाशांत गेलें. तेथें अशीं ८९ विमानें झालीं, आणि वायुदल व इंडियन एअरलाइन्स या दोघांनींही तीं वापरलीं. एकोणीस आसनांचें जर्मन डॉर्निअर-२२८ हेंही हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनें कानपुरासच बनविलें. १९८१ सालीं निघालेल्या वायुदूत कंपनीनें असलीं विमानें आडवळणाच्या गांवीं नेलीं. पण खर्च भागेना, आणि १९९३ सालीं ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. आतां वायुदलांतील जुन्या ॲव्रोंच्या जागीं ५६ सी-२९५ विमानें घेण्याचा करार २०२१ सालीं झाला आहे. त्यांपैकीं ४० विमानें वडोदऱ्यास, पिंपरीस मोटारी बनविणाऱ्या टाटा समूहाच्याच दुसऱ्या एका कंपनीनें, करावयाचीं आहेत. तेव्हां विमान बनविण्याची विद्या आपल्याकडे नाहीं, असें कोणी म्हणूं नये. उणीव आहे ती निराळ्या ठिकाणीं.

२०१६ सालच्या उडान योजनेनें तासाभराच्या प्रवासासाठीं निम्म्या आसनांचें भाडें २,५०० रुपयांवर बांधून दिलें, आणि कंपनीची तूट तीन वर्षें भरून देण्याचें ठरविलें. २७ एप्रिल २०१७ रोजीं नांदेड-हैदराबाद सेवेचा प्रारंभ झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सिंधुदुर्गांतील चिपी विमानतळ उघडला, आणि मुंबईहून निघालेलें एटीआर विमान कोंकणच्या तांबड्या मातींत उतरलें. लोकांनीं पेढे वांटावे, असाच तो दिवस होता. परंतु नांदेडची सेवा चालविणारी ट्रूजेट कंपनी २०२२ सालीं बंद पडली. वायुदूतची कथा नव्या नांवानें पुन्हां घडली.

येथेंच विचार करण्यासारखें आहे. हुजूर साहिबच्या दर्शनास निघालेला वृद्ध यात्रेकरू, किंवा उपचारासाठीं मुंबईस जाणारा सावंतवाडीचा रुग्ण, यांस विमान ही चैन नव्हे. एकदां मिळालेली सोय काढून घेतली गेली, म्हणजे ती मुळींच नव्हती त्या काळापेक्षांही अधिक दुःख होतें. कारण माणसानें तिच्या भरंवशावर आपले बेत बांधलेले असतात. सत्तर आसनें रोज भरत नसतील, तर एकोणीस आसनांचें विमान आठवड्यांतून चार दिवस आणावें. पण ठरल्या दिवशीं तें आलेंच पाहिजे. नियमितपणा हा विमानाचा तिसरा पंख होय.

शेतकऱ्याकडे जमीन मागतांना आपण त्यास सर्वांच्या सोयीचें नांव सांगतों. मग त्या जमिनीवरून लहान गांवांचीं विमानेंही उडावीं, आणि तीं चौथ्या वर्षींही उडत राहावीं, हें पाहणें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे. उद्घाटनाच्या दिवशीं टाळ्या वाजविणारे पुष्कळ भेटतात. तीन वर्षांनीं वेळापत्रक उघडून पाहणारे मात्र थोडे. त्या थोड्यांत आपल्या वाचकांची गणना व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.