आजारी पिल्लाला आधी ऊब हवी



मागच्या वर्षी कापणीच्या सणाच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी कातकरी पाड्यांवरील कोंबडीपालनासाठी देणगी दिली. त्यानंतर काही जणांनी विचारले, “ताई, पैसे पिल्लांसाठी दिले होते. मग हिशेबात बल्ब, तूस, थर्मामीटर आणि लस एवढी का दिसते?” प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आमची एक चूक सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही एक दिवसाची पन्नास पिल्ले नेली. जुलै निवडला, कारण दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पिल्ले सांभाळायला घरात माणूस असतो तो याच दिवसांत. पण हेच दिवस ओलीचे आणि गार वाऱ्याचेही असतात.

समाजमंदिराच्या कोपऱ्यात पत्र्याचे गोल कुंपण केले, खाली भाताचे तूस पसरले आणि वर दोन बल्ब टांगले. बल्ब मी कल्याणहून नेले होते, नऊ वॅटचे एलईडी. वीज कमी लागेल असा माझा हिशेब. उजेड लख्ख पडला. मी समाधानाने शेवटच्या एसटीने कल्याणला परतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा अकरा पिल्ले मेली होती. उरलेली एका ढिगात चिकटून चिवचिवत होती. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजींनी बल्बाखाली हात धरला आणि म्हणाल्या, “ताई, उजेड हाय, पन ऊब नाय.”

एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. जुन्या तारेच्या बल्बात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. एलईडीत तसे होत नाही, म्हणून तर तो वीज वाचवतो. घरासाठी तो चांगला, पिल्लांसाठी निरुपयोगी.

ब्रूडर म्हणजे काय

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते. खरी पिसे यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्याला आपल्या शरीराची उष्णता टिकवता येत नाही. आई असली तर ते तिच्या पंखांखाली शिरते. प्रभूने यरुशलेमेसाठी शोक करताना हीच उपमा वापरली, ती आपल्याला माहीत आहे. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला आई नसते. तिची जागा घेणारी उबदार, बंदिस्त जागा म्हणजे ब्रूडर.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सियस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते पाच अंश फॅरनहाइटने उतरवायचे. बल्ब थोडा वर घेतला की काम होते. थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. बल्बाखाली ढीग करून ओरडत असली तर थंडी आहे. कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असली तर उकाडा आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतो आहे. सगळीकडे पसरून शांतपणे खात-पीत असली तर ऊब बरोबर आहे.

लाईट गेली तर? मुरबाडच्या पावसाळ्यात ती जातेच. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवायच्या आणि वर गोणपाट अर्धवट टाकायचे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तिच्या धुराने पिल्लेही मरतात आणि माणसेही.

एक पिल्लू सुस्त पडले तर

त्या दिवशी अगदी मलूल झालेली दोन पिल्ले मी खोक्यात घालून कल्याणला घरी आणली. एक रात्रीच गेले. दुसरे वाचले. ते कसे, हे क्रमाने सांगते, कारण क्रमालाच महत्त्व आहे.

आधी ऊब. पिल्लाचे पाय आपल्या मनगटाला लावून पाहावेत. गार लागले तर खाऊ घालण्याची घाई करू नये, गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. बुटाच्या खोक्यात जुने सुती फडके अंथरून एका टोकावर ४० वॅटचा तारेचा बल्ब टांगावा. तो खोक्याला किंवा फडक्याला टेकू देऊ नये. दुसरे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे उकडले तर पिल्लाला सरकता येईल. मी तासभर फक्त एवढेच केले.

मग पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून बोटाच्या टोकावरचा थेंब चोचीच्या कडेला लावावा. पिल्लू आपणच गिळते. चोच उघडून पाणी ओतले तर ते श्वासनळीत जाते आणि वाचणारे पिल्लूही दगावते.

त्यानंतर खाणे. भिजवलेला मक्याचा बारीक भरडा किंवा चिक मॅश थोडा थोडा पुढे ठेवावा. निजण्यापूर्वी गळ्याखालची पिशवी बोटाने हलके चाचपावी. ती भरलेली लागली तर पोटात काही गेले आहे.

मागची बाजूही पाहावी. थंडीने किंवा ताणाने विष्ठा पातळ होते, लवेला चिकटून वाळते आणि वाट बंद करते. कोमट पाण्याच्या कापसाने ती मऊ करून पुसावी. ओढून काढली तर कातडी फाटते. नंतर पिल्लू पूर्ण कोरडे करावे, ओले पिल्लू पुन्हा गारठते. पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील तर बहुधा खालचा कागद गुळगुळीत असतो. त्याऐवजी गोणपाट अंथरावे.

आजारी पिल्लाला शेवटी हात लावावा, आधी निरोगी पिल्लांचे काम उरकावे. नंतर साबणाने हात धुवावेत. मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत, त्यांच्या विष्ठेतील जंतूंनी माणसालाही जुलाब होतात. पिल्लू नीट उभे राहून आपणहून खाऊ लागले की दिवसा सर्वांच्या देखत परत सोडावे. इतर पिल्ले चोची मारतात का, यावर लक्ष ठेवावे.

कुठे थांबायचे

ही शुश्रूषा एखाद्या गारठलेल्या, अशक्त पिल्लासाठी आहे. विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण असू शकते. ती ओल्या तुसातून पसरते, म्हणून तूस बदलून सर्व पिल्लांना पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे लागते. मान वाकडी होणे, धाप लागणे, एका रात्रीत अनेक पिल्ले मरणे, असे दिसले तर घरगुती उपाय थांबवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. मेलेली पिल्ले विकू नयेत, खाऊ नयेत, ओहोळात टाकू नयेत. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे, बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. लपवलेला आजार शेजारच्या पाड्यावर जायला वेळ लागत नाही.

मग पैसे कुठे गेले

आता आम्ही एक दिवसाची पिल्ले घरोघरी वाटत नाही. सगळी पिल्ले चार आठवडे एकाच ब्रूडरमध्ये वाढवतो. याचे आणखी एक कारण लस आहे. ज्याला आपण मानमोडी म्हणतो त्या राणीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात. तिची लहान बाटलीही बहुधा शंभर पिल्लांची असते. ती बर्फात न्यावी लागते आणि कालवल्यावर थोड्या वेळात संपवावी लागते. दहा पिल्ले असलेल्या कुटुंबाला हे परवडत नाही. एकत्र वाढवली तर जमते.

ब्रूडरची राखण आता त्याच आजींची सून करते आणि तिला त्याचे मानधन मिळते. रात्री ती दोनदा उठून बल्बाखाली हात धरून पाहते. या पावसाळ्यातही काही पिल्ले गेली, पण एका रात्रीत अकरा गेली नाहीत. आपल्या देणगीत पिल्ले कमी आली आणि बल्ब जास्त, ते यासाठी.

आपल्याला काही द्यायचे असेल तर घरातील जुने तारेचे बल्ब, गोणपाटे आणि रबरी गरम पाण्याच्या पिशव्या रविवारी उपासनेनंतर महिला संघाकडे जमा कराव्यात. एलईडी मात्र कृपया आणू नयेत. आणि रात्री उठणाऱ्या त्या सुनेची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी.

सेवेतील आपली भगिनी,
कल्याण