शिकवणी एका कुत्र्याची, एका घराची

पुण्यामुंबईच्या गृहसंकुलांत कुत्र्याला घरी येऊन शिकवणारे, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणारे, मालक परगावी गेल्यावर सांभाळणारे आणि केस व नखे यांची निगा राखणारे व्यावसायिक आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. मात्र प्रशिक्षक दाराशी येतो ही सोय जेवढी लक्षात घेतली जाते, तेवढे प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्रपणे शिकवण्यामागचे शास्त्रीय कारण लक्षात घेतले जात नाही. एका ठिकाणी शिकलेले वर्तन दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू करणे याला मानसशास्त्रात सामान्यीकरण म्हणतात, आणि कुत्र्याची या बाबतीतली क्षमता माणसाच्या मानाने मर्यादित असते. मैदानावर प्रशिक्षकाच्या एका शब्दासरशी बसणारे लॅब्रेडॉर घरच्या लिफ्टचे दार उघडताच समोरच्या माणसावर उडी घेते, तेव्हा ते हट्टीपणा करत नसते. मैदान, प्रशिक्षकाचा आवाज आणि त्याच्या हातातला खाऊ या सर्वांसह त्याने ‘सिट’ हा शब्द शिकलेला असतो, आणि लिफ्टपाशी यांतले काहीच नसते. म्हणूनच अडचण जिन्यात, गॅलरीत किंवा दाराच्या घंटेपाशी उद्भवत असेल, तर शिकवणीही तिथेच, आणि कुत्र्याबरोबर रोज राहणाऱ्या माणसांच्या हातून व्हावी लागते.

या शिकवणीचा पाया जुना आहे. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून मांडले, बी. एफ. स्किनर यांनी त्याचा विस्तार केला आणि 1951 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे याविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. योग्य कृती घडताक्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, ही आज ‘क्लिकर’ नावाच्या छोट्या उपकरणाने वापरली जाणारी पद्धत याच विचारातून आली. तीत वेळेला फार महत्त्व असते, कारण बक्षीस काही सेकंद उशिरा मिळाले, तर त्या अवधीत कुत्र्याने जे काही केले असेल त्यालाच ते मिळाल्यासारखे होते.

याच्या नेमकी उलट जाणारी एक समजूत अजूनही तग धरून आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिवासातील लांडग्यांवर केलेल्या अभ्यासावरून, कळपात वर्चस्वासाठी सतत झगडा चालतो आणि म्हणून मालकानेही कुत्र्यावर वर्चस्व गाजवले पाहिजे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. पुढे डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकाने 1999 च्या शोधनिबंधात दाखवून दिले की, रानातला कळप हे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते आणि त्यातले पुढारीपण मुख्यतः पालकत्वातून आलेले असते. तरीही कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणे, गळा आवळणाऱ्या साखळीला झटके देणे हे प्रकार शिस्तीच्या नावाखाली चालतात. ते क्रूर आहेतच, शिवाय धोक्याचेही आहेत: गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते, आणि तिच्याबद्दल शिक्षा मिळत गेली तर भीती तशीच राहते, सूचना तेवढी बंद होते, आणि घरातल्या लहान मुलाला पुढचा चावा कोणत्याही इशाऱ्याविना बसू शकतो.

लष्कराच्या मेरठ येथील आणि सीमा सुरक्षा दलाच्या टेकनपूर येथील श्वान प्रशिक्षण केंद्रांत तयार होणारे कुत्रे पाहून घरच्या कुत्र्याकडूनही तशाच आज्ञापालनाची अपेक्षा केली जाते, पण ही तुलना मुळातच चुकीची आहे. तिथला कुत्रा कामासाठी पारखून घेतलेला असतो आणि बहुधा एकाच हॅन्डलरबरोबर काम करतो. घरात मात्र आजी ‘ये रे’ म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो, आणि सोफ्यावर चढल्याबद्दल एकजण रागावतो तर दुसरा कुरवाळतो. चांगला प्रशिक्षक त्यामुळे पहिल्या भेटीत कुत्र्यापेक्षा घराचेच निरीक्षण अधिक करतो, झोप, आहार, व्यायाम व एकटे राहण्याचे तास विचारतो, आणि चिडखोरपणा अचानक आलेला असेल तर आधी पशुवैद्याकडे पाठवतो, कारण कानाचा संसर्ग किंवा सांध्यांची वेदना हेही त्याचे कारण असू शकते.

पिल्लांच्या बाबतीत तर वेळच हातात थोडा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या 1965 च्या ग्रंथाने साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सामाजिकीकरणाचा, म्हणजे माणसे, आवाज व इतर प्राणी यांना निर्धास्तपणे स्वीकारण्याचा, असल्याचे दाखवले. भारतात 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे घरी आल्यावर या काळातले जेमतेम चार आठवडे उरतात, आणि लसीकरण पूर्ण व्हायचे असल्याने नेमके तेव्हाच त्याला खाली उतरवू नका असा सल्ला मिळतो. पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन रिक्षा, वॉचमन, शाळकरी मुले, प्रेशर कुकरची शिट्टी यांची ओळख करून देणे हा त्यावरचा मार्ग आहे, आणि वैयक्तिक मार्गदर्शनाचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित इथेच होतो.

आपल्याकडे प्रशिक्षक होण्यासाठी कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मारहाण गुन्हा ठरते, पण बंद दाराआड काय चालते हे त्याने कळत नाही. त्यामुळे कुत्रा चुकल्यावर नेमके काय करणार, हा प्रश्न मालकाने आधीच विचारावा, आणि घरच्यांना समोर बसू न देणाऱ्याला काम देऊ नये.

दिवाळीतील फटाक्यांची भीती हे स्वतंत्र आखणी का लागते याचे स्पष्ट उदाहरण आहे. तिच्यावरच्या उपचाराला संवेदनक्षमता कमी करणे म्हणतात: फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज कुत्रा अस्वस्थ होणार नाही इतका हळू लावायचा, त्यासरशी आवडता खाऊ द्यायचा, आणि काही आठवड्यांत आवाज थोडा थोडा वाढवत न्यायचा. एखादा कुत्रा भराभर पुढे जातो, तर दुसरा पहिल्याच पायरीवर दीर्घकाळ रेंगाळतो, आणि घाई केली तर भीती उलट वाढते. म्हणून हे काम श्रावणातच सुरू करावे लागते. अतिशय घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याने दिलेले औषध आणि खिडक्या बंद केलेली आतली खोली यांचीही तजवीज दिवाळीपूर्वीच करून ठेवावी लागते.